जागा आहे की नाही, हे वेबसाइटला कोण सांगणार?

“साइटवर तर जागा हाय म्हणून लिहिलंय की,” असं म्हणत त्या माणसाने आपला मोबाइल सुजाताताईंच्या टेबलावर ठेवला.

मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. परळ आणि लालबागच्या मधल्या एका गल्लीत हे निवास आहे. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी बाहेरगावाहून येणारे पेशंट आणि त्यांच्यासोबतचं माणूस, यांना इथे राहायला खाट मिळते. एक ट्रस्ट ते चालवतो. सुजाता कांबळे तिथल्या मॅनेजर. मी वेबसाइट बनवते, दादरला माझं छोटं ऑफिस आहे. ट्रस्टला नवी वेबसाइट हवी होती, त्याच्या पहिल्या मीटिंगसाठी मी आले होते. मीटिंग सुरू व्हायच्या आधी हा माणूस आला.

परभणीकडचा होता. दाराशी त्याची बायको पिशव्या घेऊन उभी होती आणि बाकावर वडील बसले होते. वडिलांच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता आणि ते बोलत नव्हते.

मी मोबाइलवरचं वाक्य वाचलं. ‘आमच्याकडे खोल्या उपलब्ध आहेत. थेट या.’

त्या दिवशी निवासात एकही खाट रिकामी नव्हती.

सुजाताताईंनी वाद घातला नाही. आधी म्हाताऱ्यांना पाणी दिलं. मग एकेका ठिकाणी फोन लावत बसल्या. बऱ्याच वेळाने दादरच्या एका धर्मशाळेत दोन रात्रींची सोय झाली. त्यांनी पत्ता सांगितला, टॅक्सी कुठून मिळेल ते सांगितलं. निघताना तो माणूस दारात थांबला आणि म्हणाला, “मग ते लिहिता कशाला?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

तो गेल्यावर सुजाताताई म्हणाल्या, “ताई, असं सारखं होतं. मला विचाराल तर साइट बंदच करा. लोक फोन करतील, मी सांगेन. बास.”

ते वाक्य आजवर कुणी का बदललं नाही, असं मी विचारलं. उत्तर या धंद्यात मी बऱ्याचदा ऐकलेलं होतं. साइट बनवणाऱ्या कंपनीने स्वतःची सिस्टिम वापरली होती. साइट सुरू झाली त्या दिवशी खरंच खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून कुणीतरी उत्साहाने ते वाक्य टाकलं. पुढे कंपनी बंद पडली. पासवर्ड कुणाकडे नाही आणि ती सिस्टिम दुसऱ्या कुणाला कळत नाही. वाक्य तिथेच राहिलं.

इथे थोडं समजावून सांगते. वेबसाइट म्हणजे दुकानाबाहेरची पाटी समजा. पाटीवरचा मजकूर बदलायचा तर दर वेळी पेंटरला बोलवावं लागू नये, मालकाला स्वतःच बदलता यावा, यासाठी पाटीच्या मागे एक सोय केलेली असते. लॉगिन करायचं, मजकूर बदलायचा, सेव्ह करायचं. या सोयीला आम्ही सीएमएस म्हणतो. तयार सीएमएस ढिगाने मिळतात. काही फुकट, काही भाड्याने. छोट्या साइटसाठी यातला कोणता घ्यायचा, हा आमच्या कामातला पहिला निर्णय. तो चुकला की पुढे काहीही सुंदर केलं तरी साइट आतून शिळी होत जाते.

तेवढ्यात ट्रस्टचे अध्यक्ष दळवी साहेब आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट नीट खोचलेला. वडील गिरणीत होते, स्वतः बँकेत नोकरी केली, आता सगळा वेळ निवासाला देतात. नुकतंच काय झालं ते सुजाताताईंनी सांगितलं आणि साइट बंद करायचं पुन्हा सुचवलं.

“बंद कशी करायची गो?” दळवी म्हणाले. “तुझा फोन नंबर त्या माणसाला मिळतो कुठून? त्या साइटवरूनच ना? गावातल्या डॉक्टरने नाव सांगितलं, की पोरगा मोबाइलवर शोधतो. साइट गेली तर आपण कुणाला सापडणारच नाही.”

दळवींचं म्हणणं मला पटलं. सुदैवाने डोमेन, म्हणजे साइटचं नाव, ट्रस्टच्या नावावर होतं. त्यामुळे त्याच नावावर नवी साइट उभी करता येणार होती.

“मॅडम, एकदम फर्स्ट क्लास करा,” दळवी मला म्हणाले. “फोटो पाहिजेत, बातम्या पाहिजेत, आणि रोज किती जागा आहे ते दिसलं पाहिजे. लोकांनी घरून निघायच्या आधी बघावं.”

मी परत ऑफिसला आले आणि प्रसादशी बोलले. प्रसाद माझा सहकारी. राहायला घोडपदेवला, कामात वाघ. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच सगळ्यात जास्त चालणाऱ्या सीएमएसचं नाव घेतलं.

“यात विचार कसला, मॅडम? निम्मं जग हेच वापरतंय. उद्या आपण नसलो तरी दुसरा डेव्हलपर गल्लीत मिळेल. त्यांचं मागच्या वेळी नेमकं तेच झालं ना, सिस्टिम कुणाला कळेना.”

मुद्दा बरोबर होता. छोट्या गिऱ्हाइकाला पुढे कुणीतरी सापडणं फार महत्त्वाचं. आम्ही त्याच सीएमएसमध्ये साइट उभी केली. फोटोंची जागा, बातम्यांची जागा, आणि पहिल्याच पानावर एक चौकट, ‘आज उपलब्ध खाटा’. मागे लॉगिन करून त्यात आकडा भरायचा. मी सुजाताताईंना शिकवायला गेले. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. दळवींनी मजकूर मोठ्याने वाचून तपासला आणि जिथे जिथे मी ‘रुग्ण’ लिहिलं होतं तिथे ‘पेशंट’ करायला लावलं. “गावाकडून येणारा पेशंटच म्हणतो,” ते म्हणाले. साइट सुरू झाली. जुनं वाक्य गेलं.

काही दिवस सगळं बरं चाललं. आकडा बदललेला मी ऑफिसातून बघायचे आणि मला समाधान वाटायचं.

मग एका दुपारी सुजाताताईंचा फोन आला. “ताई, वेळ असेल तर येऊन जा.” आवाज नेहमीसारखाच होता.

मी आणि प्रसाद दोघं गेलो. दळवी आधीच येऊन बसले होते. सुजाताताईंनी घडलं ते सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी निवासातल्या एका पेशंटची तब्येत अचानक बिघडली. त्याच्यासोबत फक्त त्याची आई. सुजाताताई स्वतः अँब्युलन्समधून हॉस्पिटलला गेल्या आणि बराच वेळ तिथेच अडकल्या. पेशंट सावरला. संध्याकाळी बाहेर पडताना समोरच्या फुटपाथवर एक बाई दिसली. प्लास्टिकच्या कागदावर बसलेली, मांडीवर डोक्याला स्कार्फ बांधलेली शाळकरी मुलगी. सुजाताताई थांबल्या. असं कुणी दिसलं की त्या थांबतातच.

बाई जळगावकडची. मुलीची ट्रीटमेंट सुरू होत होती. सुजाताताईंनी विचारलं, आमच्याकडे का नाही आलात? ती म्हणाली, “तुमच्याकडे फुल आहे ना? माझ्या भावाने मोबाइलवर पाहिलं. उगीच पोरीला घेऊन चालायला नको म्हणून इथेच बसले.”

त्या दिवशी सकाळीच काही पेशंट घरी गेले होते. खाटा रिकाम्या होत्या. साइटवर आदल्या रात्रीचं शून्य तसंच होतं.

“आणलं मी त्यांना,” सुजाताताई म्हणाल्या. “आता वर झोपल्यात दोघी. पण पोरगी दिवसभर उन्हात बसली होती. आणि वर चादरी घालून खाटा तयार.”

दळवी म्हणाले, “सुजाता, तुला ते आकड्याचं लक्षात राहत नसेल तर दुसरं माणूस नेमू.”

“साहेब, लक्षात राहतं. पासवर्डसुद्धा पाठ आहे माझा. पण खाटा कधी बदलतात? कुणी घरी जातं, कुणी सिरीयस होतं, गावाहून अचानक गाडी येते, तेव्हा. नेमकी तेव्हाच मी धावपळीत असते. ज्या दिवशी निवांत बसून आकडा भरायला वेळ असतो, त्या दिवशी आकडा बदललेलाच नसतो.”

हे वाक्य मला आजही बऱ्याच गिऱ्हाइकांच्या बाबतीत आठवतं. माहिती बदलण्याची वेळ आणि माणसाला फुरसत नसण्याची वेळ, एकच असते. दुसरं माणूस नेमलं असतं तर तेही त्या दिवशी अँब्युलन्समागे धावलं असतं. निवासात माणसंच तेवढी.

प्रसाद तोवर उपाय शोधायला लागला होता. “रिमाइंडर टाकू या. दर तासाला मेसेज येईल, आकडा अपडेट करा म्हणून. त्याचं प्लगिन मिळतं.” प्लगिन म्हणजे तयार सिस्टिमला वरून जोडायचा जादा भाग. “नाहीतर ॲडमिशनचं पूर्ण सॉफ्टवेअरच करू. पेशंट आत आला की आकडा आपोआप कमी होईल.”

“ते भरणार कोण?” मी विचारलं.

त्याने सुजाताताईंकडे बघितलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सुजाताताईंनी उचलला. “हां, बोला... कुठून बोलताय?... किती जण?... आत्ता नक्की सांगता येत नाही, थांबा हं, बघून सांगते.” त्या उठून वर गेल्या. फोन टेबलावर तसाच आडवा ठेवलेला. थोड्या वेळाने खाली आल्या आणि म्हणाल्या, “एक खाट आहे. धरून ठेवते. उद्या दुपारपर्यंत या, उशीर होणार असेल तर कळवा.”

माझं लक्ष त्या मधल्या वेळाकडे गेलं. त्यांना माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी माहीत नाही असं सांगितलं होतं. आमची साइट ते कधीच सांगत नव्हती. जुनी साइट वर्षानुवर्षं जागा आहे म्हणत राहिली. नवी साइट रात्रीचं शून्य दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दाखवत राहिली, तेही ‘आज’ या शब्दासकट. सीएमएस बदलला होता. खोटं बोलणं तेच होतं.

मी म्हटलं, “आकडा जुना झाला की साइटने तो दाखवायचाच नाही, असं केलं तर? काही तास कुणी हात लावला नाही, तर साइटने स्वतःच सांगायचं, आत्ताची माहिती आमच्याकडे नाही, फोन करा.”

दळवींना हे अजिबात आवडलं नाही. “म्हणजे आपल्याच जागेची आपल्याला माहिती नाही, असं जगाला सांगायचं? मॅडम, ट्रस्टची काही इज्जत आहे. देणगी देणारे बघतात साइट.”

“साहेब,” सुजाताताई म्हणाल्या, “आत्ता फोनवर मी तेच बोलले. तुमच्यासमोर. तेव्हा इज्जत गेली का?”

दळवींनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मग पुन्हा लावला. “फोनवर बोलणं वेगळं,” ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग त्यांनीच विचारलं, “वाक्य काय लिहिणार?”

मी तिथेच कागदावर लिहिलं, ‘सध्या माहिती उपलब्ध नाही.’

त्यांनी वाचलं आणि कागद परत सरकवला. “ही तर सरकारी खिडकी झाली. असं वाचलं की माणूस खचतो.” मग माझं पेन घेऊन त्यांनी स्वतः लिहिलं. ‘आत्ता किती जागा आहे ते फोनवर विचारा. आम्ही बघून सांगतो. विचारल्याशिवाय घरून निघू नका.’

मी इतकी वर्षं वेबसाइटसाठी मजकूर लिहितेय. त्यात मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

परतताना प्रसाद नाराज होता. आम्ही लालबागहून दादरकडे चालत निघालो होतो. आता काय करायचं ते माझ्या मनात स्पष्ट होत होतं, आणि ते मी त्याला सांगितलं. मोठा सीएमएस काढून टाकायचा. या साइटवर पत्ता, नियम, सोबत कोणती कागदपत्रं आणायची, स्टेशनवरून कसं यायचं, एवढीच माहिती असते. ती वर्षातून एखाददुसऱ्या वेळी बदलते. त्यासाठी साधी पानं पुरेत. आम्ही त्याला स्टॅटिक पानं म्हणतो. त्यांच्या मागे लॉगिन नाही, सिस्टिम नाही, त्यामुळे बिघडण्यासारखंही फारसं नाही. रोज बदलणारी गोष्ट एकच. तिच्यासाठी सुजाताताईंच्या मोबाइलवर उघडणारं एक छोटं पान, त्यावर दोन मोठी बटणं. ‘जागा आहे’ आणि ‘जागा नाही’. आकडा नकोच. एक खाट काय, चार काय, येणाऱ्याला फोन करावाच लागतो.

“इतकं साधं?” प्रसाद म्हणाला. “मॅडम, पुढचा डेव्हलपर बघेल तर हसेल आपल्याला.”

“हसू दे. त्याला कळेल ना?”

“कळेल. शाळेतल्या पोरालाही कळेल.”

“मग झालं.”

मग तो म्हणाला, “पण उद्या दळवी साहेबांना बातम्या टाकायच्या असल्या तर?”

हा प्रश्न खरा होता. मी दुसऱ्या दिवशी दळवींनाच फोन करून विचारलं, की बातम्या लिहिणार कोण. ते म्हणाले, “लिहील कोणीतरी.” मी विचारलं, कोण. त्यांनी एकेका ट्रस्टीचं नाव घेतलं आणि प्रत्येक नावानंतर स्वतःच ‘नाही, त्याला नाही जमणार’ म्हणाले. शेवटी हसले. “ठीक आहे. गणपतीत आणि वर्षाच्या शेवटी मी तुम्हाला मजकूर पाठवीन. तुम्हीच टाका.” त्यामुळे बातम्यांसाठी सीएमएसची गरज उरली नाही.

गैरसमज नको म्हणून सांगते. तो मोठा सीएमएस वाईट नाही. गिरगावात एक बाई घरगुती पदार्थांचा व्यवसाय करतात, त्यांची साइट आम्ही त्याच्यावरच चालवतो. त्यांची सून रोज दुपारी बसते, नवे फोटो टाकते, संपलेले पदार्थ काढते. तिला ते काम आवडतं आणि तिला ती वेळ मिळते. तिथे साधी पानं दिली असती तर तिने आम्हाला रोज फोन करून हैराण केलं असतं.

निवासाची नवी साइट तयार व्हायला फार वेळ लागला नाही. जास्त वेळ गेला तो एका प्रश्नात, की किती तासांनी साइटने गप्प व्हायचं. प्रसादचं म्हणणं पूर्ण दिवस. सुजाताताई म्हणाल्या, सकाळी लोक घरी जातात, संध्याकाळी नवे येतात, त्यामुळे सकाळचं संध्याकाळी चालत नाही. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही वेळ ठरवली, सकाळचं बटण संध्याकाळच्या आत बाद होईल अशी. बटण कसं चालतं, साइट कुठे ठेवली आहे, डोमेनचे पैसे कधी भरायचे, हे प्रसादने एका पानावर लिहून ट्रस्टला दिलं. आम्ही नसलो तरी अडू नये म्हणून.

आता परिणाम सांगते. साइट दिवसातला बराच वेळ दळवींचं वाक्यच दाखवते. सुजाताताई बटण दाबतात, पण रोज दाबतातच असं नाही. सुरुवातीला मला ते टोचायचं. इतकं करून साइट म्हणते काय, तर फोन करा. एकदा मी सुजाताताईंना तसं बोलूनही दाखवलं.

“ताई,” त्या म्हणाल्या, “चुकीच्या भरवशावर इथे येऊन कुणी रडलेलं नाही तेव्हापासून. फोनने मात्र डोकं उठवलंय.”

मध्यंतरी त्या आजारी पडल्या आणि दळवी साहेब काही दिवस त्यांच्या खुर्चीत बसले. बटण दाबायचं त्यांना अर्थातच लक्षात राहिलं नाही. साइट आपोआप त्यांच्याच वाक्यावर गेली आणि फोन यायला लागले. जालन्याहून, सोलापूरहून, मध्य प्रदेशातून. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. मला वाटलं, वाक्य काढा म्हणतील.

“मॅडम,” ते म्हणाले, “आपल्याला दुसरी लाइन घ्यायला पाहिजे. एकाशी बोलत असतो तेव्हा दुसऱ्याला एंगेज लागतो. बिचारा तिकडे पेशंट घेऊन थांबलेला असतो.”

त्यांनी दुसरी लाइन घेतली. वेबसाइटच्या प्रोजेक्टमधून टेलिफोनची लाइन वाढली, असं माझ्या कामात एकदाच झालंय.

हल्ली नवं गिऱ्हाईक आलं की बहुतेक पहिला प्रश्न असतो, तुम्ही कोणता सीएमएस वापरता. मी नाव सांगत नाही. आधी विचारते, साइटवरची कोणती गोष्ट वारंवार बदलते, ती बदलणार कोण, आणि त्या माणसाला त्या वेळी दुसरं काय काम असतं. बहुतेकांना तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागतो. प्रसाद मीटिंगमध्ये शेजारी बसून तोच प्रश्न आता माझ्याआधी विचारतो.

सिस्टिम कोणतीही चालते. तिला हात लावायला कुणालाच वेळ नसेल त्या दिवशी ती लोकांना काय सांगणार, तेवढं आधी ठरवून ठेवावं.